लिनक्सचा गाभा घरीं घडवितांना

आमच्या घरांतील संगणक हा कोणा एकाचा नव्हे. सकाळीं धाकट्या बंधूंच्या दुकानाचीं बिलें, दुपारीं सूनबाईंच्या शिकवणीचे कागद, रात्रीं मुलांचा अभ्यास, आणि रविवारीं सायंकाळीं मातोश्रींची जर्मनींतील पणतवाशीं भेट, एवढीं सारीं कामें त्या एकाच जुन्या पेटीकडून करून घ्यावयाचीं असतात. अशा सामाईक यंत्राच्या अंतरंगांत हात घालण्याचें साहस मीं सन २०२५ च्या आरंभीं केलें. त्या साहसांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, तितक्या एखाद्या विद्यार्थ्यानें एका प्रश्नपत्रिकेंत केल्या असत्या तर मीं त्याला बाकावर उभें केलें असतें. तथापि त्या चुकांचा माग काढतां काढतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें. कारण हल्लीं पुष्कळ घरांतून मुलें लिनक्स वापरूं लागलीं आहेत, आणि त्यांतील एखादा उत्साही मुलगा आज ना उद्यां या वाटेस जाणारच.

प्रथम माझ्या अधिकाराविषयीं. मी मॅट्रिक झालों, पाठशाळेंत व्याकरण आणि काव्य शिकलों, आणि निवृत्तीपर्यंत शाळेंत संस्कृत शिकविलें. यंत्रविद्येची कोणतीही पदवी माझेजवळ नाहीं. संगणकाची ओळख पुतण्यानें करून दिली, आणि शंका विचारण्याची लाज मला विद्यार्थिदशेंतही नव्हती.

संगणक सुरू होतांना जी आज्ञावली जागी होते आणि मेमरी, डिस्क, कळफलक, पडदा यांचा कारभार पाहते, तिला कर्नल म्हणतात. इंग्रजींत या शब्दाचा मूळ अर्थ फळाच्या बाठ्यांतील गर किंवा धान्याचा दाणा असा आहे. घरांत हा शब्द प्रथम माझ्या तोंडून निघाला तेव्हां मातोश्रींनीं "कोणत्या पलटणीचे रे?" असें विचारलें होतें. उच्चार एकच असल्यामुळें त्यांची शंका अगदींच अस्थानीं नव्हती. तो घोटाळा टाळण्यासाठीं मी पुढें गाभा असेंच म्हणेन. सन १९९१ मध्यें हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. आज त्याच्या मूळ संहितेच्या ओळी तीन कोटींहून अधिक आहेत. ही संहिता कोणालाही विनामूल्य घेतां येते, बदलतां येते, आणि आपल्या यंत्रापुरती घडवून वापरतां येते. बहुतेक लोक तसें करीत नाहींत. इयान मर्डॉक यांनीं १९९३ मध्यें आरंभिलेली डेबियन ही जी मंडळी आहे, ती तयार गाभा गाठोडें बांधून देते आणि आपण तो सोडून वापरतों.

मग मला ही उठाठेव कां सुचली? आमच्याकडे होतें डेबियन १२, जून २०२३ मधील. त्याचा गाभा ६.१. पुतण्यानें पुण्याहून बिनतारी जोडणीचा एक लहानसा यूएसबी तुकडा आणला. त्यांत रिअलटेकची ८८२१ सीयू ही चिप निघाली. तिचा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्यें ६.२ पासून आला, त्यामुळें आमच्या ६.१ ला ती ओळखतांच येईना. तोंपर्यंत फोन तारेनें जोडून आम्ही काम भागवीत होतों. पुतण्या म्हणाला, "काका, डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्यें नवा गाभा तयार मिळतो. दोन मिनिटांचें काम आहे." त्याचें म्हणणें खरें होतें, आणि ज्यांना केवळ तुकडा चालू करावयाचा आहे त्यांनीं तसेंच करावें. मला मात्र गाभा कसा घडतो तें पाहावयाचें होतें. आयता अर्थ वाचणें निराळें आणि स्वतः अन्वय लावून पाहणें निराळें. नोव्हेंबर २०२४ मध्यें निघालेला ६.१२ हा दीर्घकाळ सांभाळला जाणारा गाभा मीं निवडला.

पुतण्यानें एकच अट घातली. नवा गाभा कितीही चांगला चालला तरी जुना काढावयाचा नाहीं. यंत्र सुरू होतांना ग्रब नांवाची जी यादी पडद्यावर येते, तिच्यांत दोन्ही गाभे राहतील. नवा अडला तर जुना निवडावा. ही अट मला त्या वेळीं अतिसावधपणाची वाटली होती.

काम दिसावयास सोपें आहे. दीडशे मेगाबाइटांच्या आंतबाहेरची संहिता उतरवून घ्यावी. बूट या फोल्डरमध्यें डेबियनच्या चालू गाभ्याची निवडपत्रिका, म्हणजे कॉन्फिग फाइल असते. ती नकलून संहितेच्या फोल्डरमध्यें ठेवावी. कोणता भाग गाभ्यांत कायमचा बसवावयाचा, कोणता मॉड्यूल म्हणून सुटा ठेवावयाचा आणि कोणता मुळींच नको, याच्या दहा हजारांच्या आसपास ओळी तिच्यांत असतात. मग 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' म्हटलें कीं नव्या गाभ्यांत आलेल्या नव्या प्रश्नांचीं ठराविक उत्तरें भरलीं जातात, आणि 'मेक बिनडेब-पीकेजी' म्हटलें कीं गाभा घडून त्याचीं डेबियनचीं गाठोडीं तयार होतात. फ्लेक्स नाहीं, बायसन नाहीं, ओपनएसएसएलचे मथळे नाहींत, अशा पहिल्या तक्रारी किरकोळ असतात. जें नाहीं त्याचें नांव यंत्र स्वतःच सांगतें. तें आणून बसवावें कीं झालें.

खरी परीक्षा त्यानंतर होती. अर्ध्या तासानें काम थांबलें आणि पडद्याच्या तळाशीं 'मेक', 'सब-मेक' आणि 'एरर २' अशी ओळ दिसली. मी ती ओळ घेऊन संपूर्ण संध्याकाळ बसलों. एरर २ म्हणजे काय, याचा शोध केला. मेकची फाइल उघडून त्या क्रमांकाची ओळ वाचली. तेथें कांहींही दोष नव्हता, आणि असणेंही शक्य नव्हतें.

याचें कारण समजण्यासाठीं मेक कसा चालतो हें पाहिलें पाहिजे. स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ मध्यें बेल प्रयोगशाळेंत तो रचला. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे याची वंशावळ त्याच्यापाशीं असते, आणि जिचें मूळ बदललें असेल तेवढीच फाइल तो नव्यानें करतो. लिनक्ससारख्या मोठ्या कामांत एक मेक दुसऱ्या मेकला हांक मारतो, दुसरा तिसऱ्याला. सर्वांत खालचा अडला कीं तो वरच्याला 'माझें काम झालें नाहीं' एवढेंच कळवितो. वरचा आपल्या वरच्याला तेंच कळवितो. पडद्यावर शेवटीं जें दिसतें तें सर्वांत वरच्याचें रडगाणें होय. त्यांतून मी चार कामें एकदम चालावीं म्हणून जे-४ असें सांगितलें होतें. एक काम मोडलें तरी उरलेलीं तीन हातांतलें काम संपवितात आणि त्यांच्या ओळी मोडलेल्या ओळीच्या खालीं येत जातात. म्हणजे खरी चूक वर कोठेंतरी गडप आणि खालीं नुसता प्रतिध्वनि.

हें ध्यानांत आलें तेव्हां मला माझा वर्ग आठवला. श्लोकाचा अर्थ लागेनासा झाला कीं मुलें नेहमीं शेवटच्या शब्दावर अडून बसत, आणि चूक असे दुसऱ्या चरणांत तोडलेल्या समासांत. मीं सारा मजकूर एका फाइलींत सांठविला आणि वरून खालीं वाचीत आलों. पहिली तक्रार सांपडली. डेबियनच्या प्रमाणपत्रांची एक फाइल पाहिजे होती, ती करण्याचा नियम मेकला ठाऊक नव्हता. नकललेल्या निवडपत्रिकेंत, विश्वासार्ह किल्ल्यांच्या ओळींत, त्या फाइलीचा पत्ता लिहिलेला होता. ती फाइल डेबियनच्या स्वतःच्या संहितेंत असते, मूळ लिनक्सच्या संहितेंत नसते. दुसऱ्याच्या घरची यादी घेऊन बाजारांत गेलें म्हणजे त्याच्या कोठारांतील डब्यांचीं नांवेंही यादींत येतात, तसा हा प्रकार. त्या ओळींतील अवतरणचिन्हांमधला पत्ता पुसून तीं रिकामीं ठेवतांच काम पुढें चालूं लागलें.

तेव्हांपासून मजकूर फाइलींत सांठवावयाचा, आणि 'एरर' हा शब्द तिच्यांत पहिल्यांदा कोठें येतो तें पाहावयाचें, हा माझा परिपाठ झाला. गोंधळ फार असेल तर तेंच काम जे-१ म्हणून पुन्हां चालवावें. एकच काम चालत असल्यामुळें चूक सहसा शेवटाजवळच सांपडते.

दुसऱ्या रात्रीं काम पुन्हां थांबलें. या वेळीं संहितेचा दोष नव्हता. 'किल्ड' एवढा एकच शब्द होता. कोणी मारलें? डीमेसेज हा गाभ्याचा रोजनामा पाहिला. आमच्या यंत्राची मेमरी अवघी ४ गिगाबाइट. ती संपतांच चालू गाभ्यानें सर्वांत खादाड काम ठार केलें होतें. चारांऐवजीं दोनच कामें एकदम चालवावयास लावतांच तो प्रश्न मिटला. तिसऱ्या रात्रीं डिस्क भरली. डेबियनच्या निवडपत्रिकेंत दोषशोधनाची माहिती सांठविण्याचा पर्याय चालू असतो, आणि तिच्यासह घडवितांना वीसवीस गिगाबाइट जागा लागते. गाभ्याचे संशोधक नसलेल्यांना ती माहिती लागत नाहीं. पर्याय बंद केला. चौथ्या रात्रीं सुमारें अकरा तास चालून गाभा एकदांचा घडला.

येथें गाठोड्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. घडविलेला गाभा 'मेक इन्स्टॉल' म्हणून थेट बसवितां येतो. पण मग त्याच्या शेकडों फाइली कोठें कोठें गेल्या याचा हिशेब कोणापाशींच राहत नाहीं. डेब गाठोडें करून बसविलें तर डीपीकेजी प्रत्येक फाइलीची नोंद ठेवतें आणि उद्यां काढावयाचें झाल्यास नेमकें तेवढेंच काढतें. घडविलेल्या गाभ्याला स्वतःचें नांवही द्यावें, म्हणजे त्याचीं मॉड्यूलें वेगळ्या फोल्डरमध्यें राहतात. नांव तेंच ठेवून दुसऱ्यांदा घडविलें तर नवीं मॉड्यूलें जुन्यांच्या जागीं बसून जुना गाभा पांगळा होतो. मीं हौसेनें 'घर' हें नांव रोमन लिपींत दिलें आणि क्रमांक जोडण्यासाठीं मध्यें अधोरेषा घातली. गाठोडें बांधतांना तेथेंच अडलें! डेबियनच्या गाठोड्याच्या नांवांत लहान अक्षरें, अंक, अधिक व वजा हीं चिन्हें आणि पूर्णबिंदु एवढेंच चालतें; अधोरेषा चालत नाहीं. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणाला केवढा आनंद होतो हें वर्गांत सांगणारा मी, एका रेघेनें अडलों. रेघेच्या जागीं आडवी जोडरेघ घालून पुन्हां मेक चालविला, आणि त्यानें केवळ नांव बदललेल्या फाइलीच नव्यानें केल्या. अकरा तास वायां गेले नाहींत. गाठोडीं मात्र मी संहितेच्या फोल्डरमध्यें शोधीत होतों; तीं त्याच्या बाहेर, एक पायरी वर, ठेवलेलीं असतात.

गाठोडें बसवितांना पडद्यावर बऱ्याच ओळी धांवत गेल्या. त्यांतील एक मीं वाचली आणि सोडून दिली. ती अशी होती कीं, बूट विभागांत जागा उरलेली नाहीं. शेवटीं ग्रबची यादी तयार झाल्याचें दिसलें, तेव्हां सारें ठीक आहे असें समजून यंत्र पुन्हां सुरू केलें. काळा पडदा, आणि त्यावर मूळ फाइलव्यवस्था जोडतां येत नाहीं, अज्ञात यंत्र शून्य, शून्य, अशा अर्थाचा इंग्रजी आक्रोश. बंधु बिलें करण्यासाठीं शेजारीं येऊन उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत, हेंच जास्त लागलें.

याचा उलगडा गमतीचा आहे. डिस्क वाचण्याचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून डिस्कवरच ठेवलेला असतो. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटांत. म्हणून इनिट्रॅमएफएस नांवाची एक लहान शिदोरी गाभ्यासोबत दिली जाते, तिच्यांत हे आवश्यक ड्रायव्हर असतात. आमचा बूट विभाग लहान, त्यांत डेबियनचे तीन जुने गाभे दाटीनें बसलेले. शिदोरी लिहितांना जागा संपली आणि ती झालीच नाहीं. तरीही पुढची क्रिया चालू राहिली आणि ग्रबनें शिदोरीवांचूनचा गाभा यादींत घातला. म्हणजे हा आक्रोश डिस्क बिघडल्याचा नव्हता. ग्रबच्या यादींतून ६.१ निवडला, बंधूंचीं बिलें झालीं, मग निवांतपणें दोन जुने गाभे काढले, एक ठेवला, आणि नव्याची शिदोरी व ग्रबची यादी पुन्हां करविली. त्या रात्रीं ६.१२ सुरू झाला आणि बिनतारी तुकड्यावरील निळा दिवा लुकलुकूं लागला. (नव्या यंत्रांवर आणखी एक अडथळा संभवतो. त्यांत सिक्युअर बूट चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला घरचा गाभा दारांतच अडविला जातो. तेथें स्वतःची किल्ली नोंदवून गाभ्यावर तिची स्वाक्षरी करावी लागते, किंवा ती तपासणी बंद करावी लागते. आमचें यंत्र त्या काळापूर्वींचें.)

येथें मी थांबावयास हवें होतें. पण थोड्याच दिवसांत ६.१२ ची पुढची दुरुस्त आवृत्ति आली, आणि पुन्हां अकरा तास कोण घालविणार? स्टीव्हन रोस्टेड यांनीं २००९ मध्यें गाभ्यांत आणलेली 'लोकलमॉडकॉन्फिग' ही युक्ति मला कळली. त्या घटकेला यंत्रांत जीं मॉड्यूलें चालू असतील तेवढींच ठेवून बाकीचीं हजारों ती निवडपत्रिकेंतून वगळते. ती चालविली. दीड तासांत गाभा तयार! एकही चूक नाहीं, एकही तक्रार नाहीं. गाठोडें बसलें, बिनतारी जोडणी चालली. मी पुतण्याला फोन करून फुशारकीही मारली.

रविवार आला. मातोश्री नेहमींप्रमाणें चष्मा पुसून खुर्चीवर बसल्या. कपाटांतून कॅमेरा काढून मीं जोडला. पडद्यावर नातू दिसूं लागला, त्याचा आवाजही येऊं लागला. पण आमच्याकडील चौकट काळी. कॅमेऱ्यांतच ध्वनिग्राहक असल्यामुळें आमचा आवाजही पलीकडे पोंचेना. पांच वर्षांचें तें पोर दोनदां म्हणालें, "पणजी कुठंय?" मातोश्री पडद्याच्या अगदीं जवळ वांकून हात हालवीत होत्या. नव्वदीला टेकलेल्या त्या माऊलीला काय सांगावें हें मला कळेना. त्या म्हणाल्या, "अरे, मला तो दिसतो आहे. पण तो माझ्याकडे पाहत नाहीं."

मीं यंत्र बंद केलें आणि ग्रबच्या यादींतून पहिला 'घर-१' गाभा निवडला. नव्याला 'घर-२' असें वेगळें नांव दिलें होतें म्हणूनच तो शाबूत होता. सात मिनिटें गेलीं. जर्मनींत मुलाचें जेवण खोळंबलें होतें, पण त्यानें पोराला बसवून ठेवलें होतें. भेट झाली.

रात्रीं दोन्ही गाभ्यांच्या निवडपत्रिका समोरासमोर मांडल्या. संहितेसोबतच डिफकॉन्फिग नांवाची एक छोटी आज्ञावली येते, ती दोहोंतील फरक तेवढाच दाखविते. यूएसबी कॅमेऱ्याच्या वर्गाची ओळ पहिल्या पत्रिकेंत मॉड्यूल म्हणून होती, दुसरींत नव्हती. कारण उघड होतें. युक्ति चालविली तेव्हां कॅमेरा कपाटांत होता. जो समोर नाहीं तो घरांत नाहीं असें तिनें मानलें. त्याच न्यायानें बंधूंच्या हिशेबाच्या बाहेरील डिस्कची एक्सफॅट व्यवस्थाही गळाली होती. ती गोष्ट मार्चअखेरीस उघडकीस आली असती तर काय झालें असतें, याचा विचार न केलेला बरा. आतांपर्यंतच्या चुका निदान ओरडत तरी होत्या. ही मुकी होती. गाभा घडला, बसला, चालला, आणि जें नाहीं तें मागितल्याशिवाय कळलें नाहीं.

पुढच्या वेळीं मीं आठवडाभर एक वही ठेवली. कॅमेरा, पेनड्राइव्ह, छपाईयंत्र, बंधूंची डिस्क, सूनबाईंचा लेखनपट, मुलांचे हेडफोन, घरांत जें जें कधींकाळीं या यंत्राला जोडलें जातें तें एकेक जोडून, वापरून, चालू मॉड्यूलांची यादी एलएसमॉडनें एका फाइलींत घेतली. लोकलमॉडकॉन्फिगला चालू स्थितीऐवजीं अशी फाइल देतां येते. यादी करतांना घरांतील प्रत्येकाला विचारावें लागलें, आणि धाकट्या भावजयीनें सांगितलेली शिवणयंत्राच्या नक्षीची जुनी कार्डवाचक डबी मला अठरा वर्षांत माहीत नव्हती. तीही जोडून पाहिली. 'घर-३' पावणेदोन तासांत घडला. बूट विभागांत आतां डेबियनचा ६.१, 'घर-१' आणि 'घर-३' असे तीन गाभे आहेत. 'घर-२' डीपीकेजीला सांगून काढून टाकला, आणि त्याची एकही फाइल मागें राहिली नाहीं.

त्या रविवारीं मीं दुपारींच कॅमेरा जोडून पाहून ठेवला. सायंकाळीं मातोश्री आल्या, खुर्चीपाशीं थांबल्या, आणि बसण्यापूर्वीं विचारत्या झाल्या, "आज कोणता कर्नल आहे रे?"